परबकाकांचं मनगट

माय कामावर निघाली की पदराच्या टोकाला एक पितळी कुलूप बांधायची. आम्ही आईला माय म्हणायचो. जालन्याकडची ती सवय मानखुर्दला येऊनही सुटली नव्हती. माय पालिकेच्या प्रसूतिगृहात आया होती. तिची पाळी कधी पहाटेची, कधी दुपारची, आणि आमच्या वस्तीतून मोठ्या रस्त्याला लागायचं तर नाल्याच्या कडेने, एका गोदामाच्या लांबलचक भिंतीला धरून जावं लागायचं. दुसरी वाट होती, पण ती सगळ्या बाजाराला वळसा घालून. कुलूप चांगलं मूठभर होतं. त्याची किल्ली आमच्यापैकी कुणी कधी पाहिली नव्हती. "एकदाच फिरवलं म्या," माय सांगायची, "एकाच्या कानशिलावर. परत दिसला नाही मेला." हे खरं होतं की आम्हा पोरांना धीर यावा म्हणून रचलेलं, ते मला आजही माहीत नाही.

घर म्हणजे एक खोली आणि पुढे पत्रा टाकून काढलेली पडवी. दादा, म्हणजे वडील, बस डेपोत मेकॅनिक. त्यांच्या कपड्यांना, उशीला आणि माझ्या धाकट्या दोघा भावांच्या वह्यांनाही ग्रीसचा वास असे. सकाळी जाग यायची ती स्टोव्हला पंप मारण्याच्या आवाजाने, आणि त्याच्या पाठोपाठ भाकरी थापण्याच्या. मायची भाकरी परातीत फिरायची तेव्हा तिच्या बांगड्या आणि तळहात यांचा एक ठेका असे, आणि मी त्या ठेक्यावरून ओळखायची की आज माय खुशीत आहे की रात्री दादांशी काही वाजलंय. ज्वारीची भाकरी, लसणाची चटणी, कधी पिठलं, कधी अंबाडीची भाजी. शेजारपाजारी भात खाणारे पुष्कळ होते, पण आमच्याकडे भात म्हणजे आजाऱ्याचं जेवण. त्यामुळे ज्वारी दळून आणणं हे घरातलं मोठं काम होतं, आणि ते माझ्याकडे होतं.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना एका संध्याकाळी त्या भिंतीपाशी मागून कुणीतरी आलं. एका हाताने माझी वेणी धरली, दुसरा हात जिथे लावायचा नव्हता तिथे लावला, आणि मी ओरडायच्या आत तो पुढे निघूनही गेला, शीळ घालत, घाई नसल्यासारखा. मला दिसली ती फक्त पांढऱ्या शर्टाची पाठ. घरी येऊन मायला सांगितलं तेव्हा ती पीठ मळत होती. तिचे हात थांबले नाहीत. "तोंड बघितलंस?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं. मग ती गल्लीतल्या दोन-चार घरी बोलून आली. सगळ्यांचं एकच म्हणणं, त्या वाटेने जातेच कशाला पोर? विषय तिथेच संपला. मायने मला आपलं कुलूप देऊ केलं. ते मी ओढणीला बांधून पाहिलं, तर ओढणीच खांद्यावरून घसरून पडायला लागली. त्या दिवसांत मला मागे पाऊल वाजलं की पाठीचा कणा गार पडायचा. आपल्याच पाठीची अशी भीती वाटणं फार वाईट. समोरच्या गोष्टीला माणूस काहीतरी करू शकतो.

साळवे सरांचा वर्ग मायनेच शोधून काढला. सर एका कारखान्यात फिटर होते. तरुणपणी जहाजाच्या इंजिनखोलीत काम करायचे, आणि पुढे जपानमधल्या एका गोदीत त्यांनी काही वर्षं काढली होती. तिथे एका म्हाताऱ्या उस्तादाकडे ते जुजुत्सू शिकले. ही जुनी विद्या, हत्याराशिवाय, आपल्यापेक्षा दांडग्या माणसाच्या जोरानेच त्याला पाडायची. आमच्या बुद्धविहाराच्या सभागृहात आठवड्यातून तीन संध्याकाळी ते शिकवायचे. अकरा मुलगे आणि आम्ही चार मुली. चटया कुठल्या असायला? गोणपाटात लाकडाचा भुसा भरून त्यावर ताडपत्री ताणलेली होती. मायने माझ्यासाठी मांजरपाटाचा पांढरा सदरा-विजार शिवली, वाढत्या अंगाची, म्हणजे मी शिडासारखी फुगून दिसायची. सर बुटके, डोक्याला टक्कल, आणि बोलायचे इतकं हळू की जवळ जावं लागे. वर्ग सुरू होताना बुद्धमूर्तीला नमस्कार, मग एकमेकांना कमरेत वाकून नमस्कार.

पहिले दोन महिने त्यांनी आम्हाला फक्त पडायला शिकवलं. मागे पडणं, कुशीवर पडणं, पुढे गडगडत जाणं. हनुवटी छातीला, हात ताडपत्रीवर सपाट आपटायचा. साऱ्या वस्तीला वाटायचं, विहारात कुणीतरी गाद्या बडवतंय. "सर, आम्ही मारायला शिकायला आलोय, पडायला नाही," एक मुलगा वैतागून म्हणाला. सर म्हणाले, "ज्याला पाडशील त्याला पडता आलं नाही तर तो मरेल. मग तू काय करशील?" तेव्हा आम्ही हसलो होतो. मग पकडी आल्या. मला मनगटाची पकड चांगली जमली. समोरच्याचा हात खांद्यावर आला की तो दोन्ही हातांनी धरायचा, वळायचं, आणि मनगट बाहेरच्या बाजूला पिळत खाली बसायचं. हजार वेळा केलं असेल. सर म्हणायचे, विचार करायला वेळ लागतो, म्हणून हाताला शिकवा. माझ्या हातांनी ते मनापासून ऐकलं. आता माझी नात मुलुंडला सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये कराटे शिकते, रंगीत पट्टे मिळवते, आणि मला विचारते, आजी तुझा कुठला पट्टा होता? मी सांगते, आमच्याकडे एकच होता, मांजरपाटाचा, आणि तो धुतला की आटायचा.

त्याच सुमारास कोपऱ्यावरची पिठाची गिरणी परबकाकांनी चालवायला घेतली. ते मूळचे मालवणकडचे. कापडाच्या गिरणीत वीस वर्षं मागावर काम केलं, ती गिरणी बंद पडली, तेव्हा बायकोमुलीला घेऊन इकडे आले आणि या गिरणीत उभे राहिले. मागांच्या खडखडाटाने त्यांचे कान गेल्यात जमा होते. त्यामुळे बोलायचे तेव्हा ओरडायचे, पण बोलायचे फारच कमी. मी वर्गाला जाताना ज्वारीचा डबा तिथे ठेवायची आणि परतताना पीठ घेऊन जायची. त्यांना माझं नाव माहीत नव्हतं. आमचं बोलणं म्हणजे मी डब्याकडे बोट दाखवायचं आणि त्यांनी मान हलवायची.

त्या संध्याकाळी वर्ग सुटला, मी गिरणीवर गेले, गरम पिठाचा डबा कमरेवर घेतला आणि जवळची वाट म्हणून भिंतीकडेने निघाले. अजून उजेड होता. नाल्यापलीकडे पोरं क्रिकेट खेळत होती. अर्धी भिंत मागे पडली असेल, तेवढ्यात पाठीमागून एक दणदणीत पुरुषी आवाज आला. "ए चेडवा! थांब!" चेडवा हा शब्द मी आयुष्यात ऐकला नव्हता. माझ्या कानाला त्यात फक्त छेड ऐकू आली. मी पाऊल उचललं. मागची पावलं धावायला लागली. "थांब गो! ए चेडवा!" आणि खांद्यावर हात पडला.

पुढचं मी केलं असं म्हणणं जड जातं, कारण मी तिथे नव्हतेच. माझे हात होते. डबा पडला. हातांनी तो हात धरला, मी वळले, पिळला, खाली बसले. वर्गात समोरचा मुलगा अशा वेळी हवेत गिरकी घेतो, ताडपत्री वाजवतो आणि हसत उठतो. हा माणूस तसा पडला नाही. तो उभाच्या उभा आडवा झाला, आणि मला माझ्या हातात वाळकी काटकी मोडावी तसं काहीतरी जाणवलं. आवाजाआधी जाणवलं. मग मी पाहिलं. परबकाका पिठात पडले होते. भुवया, मिशा पांढऱ्या. दुसऱ्या हातात माझी कापडी पिशवी होती, तिच्यातून सदऱ्याची बाही लोंबत होती.

"तुझी पिशवी रवली गो," ते म्हणाले. त्यांच्या मानाने फार हळू. मग आपल्या मनगटाकडे बघत राहिले, जणू ते दुसऱ्या कुणाचं होतं.

क्रिकेटची पोरं, आमच्याच गल्लीतली, धावत आली. त्यांच्यातल्या दोघांनी काकांना धरून पालिकेच्या दवाखान्यात नेलं, मी पिशवी छातीशी धरून मागे. प्लास्टर घातलं, सहा आठवडे म्हणाले. तोवर परबकाकी आल्या, काटक, नऊवारी खोचलेली, हाताला पीठ तसंच. "काय केलंस गो ह्या?" त्या माझ्या अंगावर आल्या. "काय केल्यान तुजा ह्या माणसान? एका हातार गिरण कशी चलतली आता?" दारात गर्दी जमली होती. कुणीतरी म्हणालं, यांच्या पोरी आता माणसांवर हात टाकायला लागल्या. 'यांच्या' हा शब्द कसा उच्चारला ते मला ऐकू आलं, आणि माझ्याबरोबर आमच्या गल्लीतल्या पोरांनाही ऐकू आलं.

त्यातूनच पुढचं सगळं झालं. मी घरी पोचायच्या आत गल्लीने गोष्ट पक्की केली होती. गिरणीवाला पोरीच्या मागे लागला, भिंतीपाशी गाठलं, अंगाला हात लावला, आणि आपल्या पोरीने त्याचा हात मोडला. झकास. शेजारचा अनिल, जो मला कधी धड बघायचाही नाही, तो पडवीत येऊन उभा. "सुजे, तू नुसतं हो म्हण. बाकी आम्ही बघतो. उद्या त्याची गिरणी उघडू देत नाही." त्याच्या मागे आठ-दहा जण. मला आठवत होतं, वेणी ओढली गेली होती तेव्हा यातला एकही आला नव्हता.

मी नाही म्हटलं नाही, हे इथे लिहून ठेवलं पाहिजे. मी हो पण म्हटलं नाही. खाली मान घालून आत गेले, आणि त्या मान घालण्याचा त्यांनी हवा तो अर्थ घेतला. माझ्या मनात काय चाललं होतं ते मला स्वच्छ आठवतं. माझी चूक होती असं सांगितलं तर पोलीस येतील, दादांच्या नोकरीला बट्टा लागेल, वर्ग बंद होईल, आणि गल्ली म्हणेल आपणच आपल्याला तोंडघशी पाडलं. गप्प राहिलं तर मी शूर. दादांचंही तेच मत पडलं. "दोन दिवस तोंड उघडू नको. आपोआप निवेल."

माय पाळीवरून आली, तिने सगळं ऐकलं, पदर सोडून कुलूप खुंटीला अडकवलं आणि मला समोर बसवलं.

"तो कशाला आला होता मागं?"

"पिशवी द्यायला."

"नक्की?"

"नक्की."

"मग कुणाला विचारत बसलीस?" एवढंच म्हणून ती स्टोव्हकडे वळली. दादा काही म्हणणार होते, त्यांच्याकडे तिने नुसतं पाहिलं. पिठाचा डबा नाल्याकाठी सांडला होता, म्हणून त्या रात्री आमच्याकडे भात झाला. कुणालाच तो गेला नाही.

सकाळी कामावर जाण्याआधी साळवे सर सायकलवरून आले. आत आले नाहीत. मी पडवीत जाऊन त्यांना विचारलं, "सर, माझी पकड चुकली का?"

"पकड बरोबर होती," ते म्हणाले. "म्हणून तर हात मोडला."

मग ते सायकलची घंटी अंगठ्याने पुसायला लागले. "मी तुमच्या हातांनाच शिकवत बसलो," ते म्हणाले. "वळून बघायला शिकवायचं राहिलं. माझ्या उस्तादाने मला ते पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मला वाटलं, ते काय शिकवायचं." त्यांना असं बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होते. ते निघाले तेव्हा मी चप्पल घातली आणि त्यांच्या सायकलीमागून गिरणीपर्यंत चालत गेले.

गिरणीपुढे अनिल आणि त्याची माणसं उभी होती. दोघांच्या हातात काठ्या. आत परबकाकी एकट्याच मोटरीचा जाड पट्टा चाकावर चढवायला बघत होत्या, आणि तो पुनःपुन्हा घसरत होता. काका कोपऱ्यात पोत्यावर बसले होते, गळ्यात हात. त्यांना बाहेर काय बोललं जातंय ते ऐकू येत नव्हतं. ते एकेकाच्या तोंडाकडे बघून अंदाज घेत होते.

"काकांनी काही केलं नाही," मी म्हटलं.

"काय?" अनिल म्हणाला.

"त्यांनी काही केलं नाही. माझी पिशवी राहिली होती, ती द्यायला आले होते. मी घाबरले आणि न बघता त्यांचा हात मोडला. चूक माझी आहे."

"अगं, घाबरू नको तू, आम्ही आहोत ना."

"मी आत्ता घाबरलेली नाही. काल घाबरले होते."

अनिलचा चेहरा मला अजून दिसतो. राग नव्हता त्यात. कुणीतरी ताटावरून उठवल्यासारखा तो दिसत होता. "मग वाट लाव आमची सगळ्यांची," असं म्हणून तो निघाला. बाकीचे रेंगाळले, मग त्याच्यामागे गेले. पुढे वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही. विहारातल्या वडीलधाऱ्यांनी मुलींना वर्ग बंद केला, तो दोन महिने बंदच होता. पोलीस मात्र आले नाहीत. कारण परबकाकांनी तक्रार केली नाही.

माणसं पांगल्यावर मी तिथेच उभी. काकींनी माझ्याकडे पाहिलं नाही. पट्टा पुन्हा घसरला. "हय ये," त्या पट्ट्याकडे बघतच म्हणाल्या. "धर ह्यो."

मी धरला. त्या दिवसापासून सहा आठवडे कॉलेज सुटलं की मी गिरणीवर. डबे चढवायचे, तोंडाशी ओतायचं, खालची पिशवी सांभाळायची, गव्हानंतर ज्वारी आली तर आधी मूठभर घालून दगड साफ करून घ्यायचे. काका पोत्यावर बसून डाव्या हाताने खुणा करायचे. "पीठ बोटार घेवन बघ," ते ओरडायचे. "गरम लागला तर दगड जवळ इले म्हणान समज." माझ्या केसांत, पापण्यांत पीठ. घरी आले की माय म्हणायची, आली गं बाई म्हातारी.

पहिले काही दिवस काकी मला चहा द्यायच्या तो खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून, एका वेगळ्या स्टीलच्या पेल्यात. मी पिऊन, विसळून तो तिथेच पालथा घालायची. मला कळत होतं, त्यांनाही कळत होतं की मला कळतंय. माझी तोंड वर करून बोलायची ती वेळ नव्हती, आणि आज वाटतं, होती कदाचित. तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात एकदा मी पेला विसळायला उठले तर त्यांनी तो हातातून ओढून घेतला. "ठेव ता. बस," म्हणाल्या, आणि कुळथाची पिठी आणि भात एका ताटलीत वाढून पुढे सरकवला. भात मला आवडत नाही हे मी त्यांना कधीच सांगितलं नाही. चेडू म्हणजे मुलगी, हेही त्यांनीच सांगितलं. "आमच्या चेडवाक पण ते तशीच हाक मारतत," त्या म्हणाल्या. मी तोंड धुण्याच्या निमित्ताने मागे गेले.

आमचा वर्ग पुन्हा सुरू झाला तेव्हा सरांनी नवीनच प्रकार काढला. एकाने पाठमोरं चालायचं, दुसऱ्याने मागून यायचं. कधी झडप घालायची, कधी नुसतं खांद्याला हात लावून म्हणायचं, ताई, रुमाल पडला. पुढच्याने आधी एक पाऊल पुढे टाकून सुटायचं, वळायचं, बघायचं, मग काय ते. पकडींपेक्षा हे कितीतरी कठीण गेलं. आम्ही रुमाल देणाऱ्यांना पाडत होतो आणि झडप घालणाऱ्यांना नमस्कार करत होतो. मला ते जमायला वर्ष लागलं. भीती काही गेली नाही. फक्त भीती आणि हात यांच्यात एक वळण आलं, एवढंच.

वर्ग सुरू व्हायच्या आधीच, प्लास्टर निघालं त्या दिवशी मी नेहमीसारखी गिरणीवर गेले. काकांचा हात बारीक, पांढुरका झाला होता आणि मनगट किंचित बाहेर वळलेलं. ते तसंच राहिलं. पुढे वीस वर्षं ते डबा डाव्या हाताने उचलायचे. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. गल्लीसमोर चूक कबूल केली होती, पण त्यांना स्वतःला काही म्हणाले नव्हते, कारण त्यांना ऐकू जाण्याइतक्या मोठ्याने ते शब्द माझ्या तोंडून निघत नव्हते. त्यांनी मोटर बंद केली. गिरणी एकदम गप्प झाली.

"त्या दिसा काय केलंस ता माका दाखव," ते म्हणाले आणि तोच हात पुढे केला.

मी मान हलवली. नाही.

"दाखव गो. माका कळाक नाय काय झाला ता. सहा आठवडे इचार करतंय."

मग मी त्यांचा हात धरला. दोन्ही हातांनी, सरांनी शिकवला तसा, पण न दाबता. अंगठा कुठे, बोटं कुठे, वळायचं कुठे, ते एकेक थांबून दाखवलं. हजार वेळा केलेली ती पकड, पण हातात आलेल्या हाताकडे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघत होते. तळव्यावर मागाचे घट्टे, नखांत पीठ, आणि मनगटाचं हाड जिथे सांधलं होतं तिथे एक लहानसा उंचवटा. काका लक्ष देऊन बघत होते, एखाद्या यंत्राचा पुर्जा समजून घ्यावा तसे, आणि मधेच म्हणाले, "होय रे! असा काय!" माझं पुढचं दाखवून झालं नाही. मी तशीच हात धरून उभी राहिले, आणि मला रडू आलं, मोठ्याने, त्यांना ऐकू जाईल एवढं.

काही वेळ त्यांनी हात तसाच राहू दिला. मग माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं.

"सोड गो आता," ते म्हणाले. "गिराइक इला."